लेडव्हिल (कोलोरॅडो) : दहा हजार फुटांवरचं चिवट गाव

डोंगरकपारी

डेन्व्हरला कुणाकडेही भारतातून आईबाबा आले की पुढचे शनिवार-रविवार ठरलेले असतात. रॉकी माउंटन नॅशनल पार्क, गार्डन ऑफ द गॉड्स आणि 'डोंगरातलं गाव' म्हणून ब्रेकनरिज नाहीतर व्हेल. गावं देखणी आहेत, वादच नाही. पण तिथे सगळं पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेलं. त्यांच्याच मागच्या अंगाला, एक खिंड ओलांडली की लेडव्हिल लागतं. तिकडे सहसा कुणी गाडी वळवत नाही. म्हणून हा खटाटोप. लांबलचक झालंय, चहा घेऊन बसा.

लेडव्हिल हे लेक काउंटी या छोट्याशा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. कोर्ट, कचेरी, शाळा, दवाखाना, सगळं इथेच, कारण जिल्ह्यात दुसरं नाव घेण्याजोगं गावच नाही. उंची १०,१५० फुटांच्या वर, म्हणजे साधारण ३,०९५ मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. २०२०च्या जनगणनेत गावची वस्ती २,६३३. आणि १८८०च्या जनगणनेत? १४,८२०! डेन्व्हरखालोखाल कोलोरॅडोतलं दुसरं मोठं शहर होतं हे.

गाव पहिल्या नजरेत भरत नाही, हे आधीच सांगतो. हॅरिसन अव्हेन्यू हा एकच मोठा रस्ता. दोन्ही बाजूंना १८८०च्या दशकातल्या विटांच्या इमारती, निम्म्या डागडुजी केलेल्या, निम्म्या वाट बघत उभ्या. मागच्या गल्ल्यांत लाकडी घरं, अंगणात लाकडाची रास आणि न चालणारी एखादी गाडी. पूर्वेच्या टेकड्यांवर खाणींतून उपसलेल्या मातीचे पिवळट-करडे ढीग, त्यावर गवताची काडी नाही. हे बघून मन खट्टू व्हायच्या आत पश्चिमेकडे वळायचं. माउंट एल्बर्ट (४,४०१ मीटर, अख्ख्या रॉकीजमधलं सर्वांत उंच शिखर) आणि त्याच्या शेजारी जेमतेम काही फुटांनी बुटका माउंट मॅसिव्ह, दोघे आडवे पसरलेले. मॅसिव्हच्या चाहत्यांना हा दुसरा नंबर इतका झोंबला होता की ते वर जाऊन दगडांचा ढीग रचायचे, आणि एल्बर्टवाले जाऊन तो पाडायचे. हे खरोखर घडलंय.

इतिहास थोडक्यात. १८६० साली इथल्या ओढ्यात सोनं सापडलं. ओढ्याचं नाव पडलं कॅलिफोर्निया गल्च. चार-पाच वर्षांत सोनं आटलं, माणसं पांगली. सोनं चाळताना एक काळी, जड वाळू सारखी आड यायची, चाळण्या तुंबायच्या, सगळे तिला शिव्या घालायचे. १८७०च्या दशकात दोघांनी ती तपासून घेतली, तर ते चांदीने भरलेलं शिशाचं खनिज निघालं. इतकी वर्षं लक्ष्मी पायाखाली तुडवत होते सगळे! मग काय, लोंढे लागले. १८७८ मध्ये गावाचं नाव ठरलं लेडव्हिल, शिशाचं गाव.

राजकारणसुद्धा घाईघाईतलं. आधी लेक काउंटी अवाढव्य होती. ८ फेब्रुवारी १८७९ला विधिमंडळाने तिचं नाव बदलून कार्बोनेट काउंटी केलं. दोनच दिवसांत पुन्हा फिरवाफिरव. दक्षिणेकडचा भाग चॅफी काउंटी झाला, उत्तरेकडचा तुकडा पुन्हा लेक काउंटी, आणि त्याचं मुख्य ठिकाण लेडव्हिल. दोन दिवस टिकलेला जिल्हा मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

आणि होरेस टेबर. त्याच्याशिवाय लेडव्हिलची गोष्ट पूर्ण होत नाही. हा किराणा दुकानदार आणि गावाचा पहिला महापौर. १८७८ मध्ये दोन जर्मन मोच्यांना त्याने खाणीत तिसऱ्या हिश्श्याच्या बोलीवर उधारीत शिधा दिला. त्यांनी खणलं तिथे चांदी लागली, आणि काही महिन्यांत टेबर लाखोंचा धनी. १८७९च्या नोव्हेंबरात त्याने ऑपेरा हाउस उघडलं. ते अजून उभं आहे, २०१६ साली नगरपालिकेने विकत घेतलं आणि तुकड्या-तुकड्याने दुरुस्त करतायत. १८८२च्या एप्रिलमध्ये ऑस्कर वाइल्ड तिथे खाणकामगारांपुढे कलेवर व्याख्यान देऊन गेला आणि नंतर टेबरच्या मॅचलेस खाणीत बादलीतून खाली उतरला. टेबरने पहिल्या बायकोला, ऑगस्टाला, सोडून 'बेबी डो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरुणीशी वॉशिंग्टनला लग्न केलं, राष्ट्राध्यक्ष आर्थर लग्नाला हजर. १८९३ मध्ये सगळं गेलं. टेबर १८९९ला वारला. बेबी डो मात्र पुढे कितीतरी वर्षं मॅचलेस खाणीजवळच्या झोपडीत राहिली, आणि १९३५च्या मार्चमध्ये तिथेच थंडीने गोठलेल्या अवस्थेत सापडली.

१८९३ला नेमकं काय झालं यावर लिहायचं होतं, पण हात दुखला. उरलेलं प्रतिसादांत.

सांजवेळ

छान लिहिलंय. ऑगस्टाबद्दलही लिहा की थोडं! दुकान, खानावळ, टपाल, सगळं तिनेच सांभाळलं होतं ना? नवरा पैसेवाला झाल्यावर तिला सोडतो आणि दंतकथा दुसरीचीच होते. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

डोंगरकपारी

सांजवेळ, अगदी. काटकसर ऑगस्टाची, उधळपट्टी होरेसची. घटस्फोटात मिळालेला पैसा तिने डेन्व्हरमध्ये नीट गुंतवला आणि ती श्रीमंत म्हणूनच गेली. पण पुतळे आणि नाटकं वाट्याला येतात बेबी डोच्या.

शंकासुर

१. 'अमेरिकेतलं सर्वांत उंच शहर' अशी पाटी लेडव्हिलला आहे म्हणे. मग शेजारचं अल्मा काय? ते १०,५००च्या वर आहे.
२. माझे बाबा ७१ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. न्यावं का?
३. जेवायला काय मिळतं?

डोंगरकपारी

शंकासुरा, आलास का!
१. कोलोरॅडोच्या कायद्यात अल्मा 'टाउन' आहे, लेडव्हिल 'सिटी'. दोघांनीही आपापली पाटी लावून ठेवलीय. विमानतळाबाबत मात्र वाद नाही. इथला ९,९३४ फुटांवरचा विमानतळ उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच सार्वजनिक विमानतळ आहे. हेलिकॉप्टर बनवणारे विरळ हवेत इंजिन किती दम धरतं ते बघायला यंत्रं इथे घेऊन येतात.
२. बाबांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नेलंच तर आधी दोन-तीन दिवस डेन्व्हरला राहू द्या, पहिल्या दिवशी भरपूर पाणी, जिने-चढ नाही, आणि डोकेदुखी-मळमळ वाढली तर हट्ट न करता सरळ खाली उतरायचं. तासाभरात हजारो फूट उतरता येतं, हीच त्यातली जमेची बाजू.
३. मेक्सिकन उत्तम. जिल्ह्यातली साधारण तिसरा हिस्सा वस्ती हिस्पॅनिक आहे. शाकाहारी असाल तर बीन्स सांगताना चरबी घातलीय का ते विचारा.

मीठभाकर

आम्ही गेल्या वर्षी नाताळात तिथे घर भाड्याने घेतलं होतं, त्यातला स्वयंपाकाचा धडा सांगते. घरात भांडी सगळी होती, कुकर नव्हता. मी म्हटलं, तुरीची डाळ काय, भिजवून ठेवली की पातेल्यात शिजेल. संध्याकाळी पाचला चढवली. पाणी खळाखळा उकळतंय, वाफ भरपूर, आणि सात वाजता डाळीचा दाणा दाबून बघितला तर मधे पांढरा कणीदार गाभा तसाच. आठला नवऱ्याने मोबाइलवर शोधून सांगितलं की इथे पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे ते खळखळणं नुसतं दिखाऊ! कितीही गॅस वाढवा, पाणी त्याहून तापत नाही, फक्त आटतं. शेवटी मुगाची डाळ पाकिटात होती म्हणून खिचडी तरी झाली, तीही बोटचेपी नव्हतीच. चहासुद्धा नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावा लागतो, नाहीतर रंग येतो, कडकपणा येत नाही.

तात्पर्य नाही, सूचना : कुकर बरोबर न्या. शिट्ट्या दोन जास्त.

आणि झोप! पहिल्या रात्री दर तासाला जाग. घशाला कोरड. धाकटा मात्र बर्फात दिवसभर उंडारला, त्याला काही नाही.

जुनी_नाणी

१८९३बद्दल मी लिहितो, कारण तो धागा थेट आपल्या मुंबईच्या टांकसाळीपर्यंत येतो. गंमत म्हणून नाही, खरोखरच.

तेव्हा हिंदुस्थानात रुपया चांदीचा. कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं, ठरलेली मजुरी द्यावी आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. त्यामुळे जगातल्या चांदीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, तर आपण. दुसरीकडे युरोपातले देश १८७०पासून एकेक करत सोन्याकडे वळले होते, आणि अमेरिकेच्या डोंगरांतून चांदीचा पूर येत होता, त्यात लेडव्हिल आघाडीवर. चांदी घसरली तसा पौंडाच्या मानाने रुपयाही घसरत गेला. सरकारला लंडनचे देणे, पेन्शनी, रेल्वेचं व्याज पौंडात भरायचं असे, ते दरवर्षी जड होत चाललं. मग २६ जून १८९३ला सिमल्यात कायदा झाला आणि टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या.

तारांचं युग होतं, बातमी लगेच पोचली. चार दिवसांत चांदी औंसाला ८३ सेंटवरून ६२ सेंटवर कोसळली. कोलोरॅडोत खाणी आणि भट्ट्या पटापट बंद पडल्या. अमेरिकन सरकार १८९०च्या शर्मन कायद्यानुसार दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेत होतं, तेवढाच आधार उरला होता. १ नोव्हेंबर १८९३ला तोही कायदा रद्द झाला. टेबर बुडाला तो असा. त्याच्या खाणीत चांदी होतीच, पण घ्यायला कोणी नव्हतं.

ते साल आपल्याकडे सार्वजनिक गणेशोत्सवामुळे आणि मुंबईच्या दंगलीमुळे लक्षात राहिलंय. टांकसाळीच्या निर्णयावर आपल्याकडेही पुष्कळ वाद झाला, कारण शेतकऱ्याच्या घरातल्या चांदीच्या दागिन्यांची किंमत रातोरात उतरली. सिमल्यातला एक ठराव, आणि फटका एकीकडे आपल्या बायाबापड्यांच्या तोड्या-वाळ्यांना, दुसरीकडे दहा हजार फुटांवरच्या खाणकामगाराला.

डोंगरकपारी

जुनी_नाणी, मुजरा! हाच माझा मुद्दा. लेडव्हिलचं बरंवाईट कायम दुसरीकडे कुठेतरी ठरलंय.

त्याला जोडून : या पडझडीनंतर गावाने काय करावं? वर्गणी काढून बर्फाचा राजवाडा बांधला. १ जानेवारी १८९६ला उघडला. सुमारे ५,००० टन बर्फ, लाकडी सांगाड्याभोवती रचलेला, दाराशी नव्वद फुटी मनोरे, आत स्केटिंगचं मैदान, आणि भिंतींच्या बर्फात गोठवून ठेवलेले मासे, बियरच्या बाटल्या, कोळसा असलं 'प्रदर्शन'. लोक आगगाडीने आले, बघून संध्याकाळी परत गेले. मुक्काम नाही, खर्च नाही. मार्चच्या अखेरीस राजवाडा बंद. गुंतवणारे बसले हात चोळत. त्याच वर्षी जूनमध्ये खाणकामगारांचा संप पेटला, सरसकट तीन डॉलर रोज मिळावा म्हणून. सप्टेंबरात गोळीबार, एका खाणीला आग, राज्याची फौज गावात. पुढच्या मार्चमध्ये संप मोडला.

खडूस_आजोबा

लेख बरा आहे पण फार लाडाने लिहिलाय. मी धातुशास्त्रातला माणूस, निवृत्त. क्लायमॅक्सचं नाव अजून कुणी घेतलं नाही, म्हणून लिहितो.

लेडव्हिलहून उत्तरेला फ्रीमॉन्ट खिंडीत, ११,३१८ फुटांवर, क्लायमॅक्स खाण आहे. मॉलिब्डेनम. पोलादात थोडं घातलं तरी ते उष्णतेला आणि ताणाला टिकतं, तोफा, इंजिनं, पाइपलाइनी, सगळीकडे लागतं. पहिल्या महायुद्धात खाण सुरू झाली, युद्ध संपल्यावर बंद, १९२४ पासून पुन्हा चालू. एके काळी जगातलं तीन-चतुर्थांश मॉलिब्डेनम या एका डोंगरातून यायचं. डोंगर आतून कोसळवत माल काढायचे, त्यामुळे वरून बघितलं तर डोंगराचा एक घासच नाहीसा. गाळ कुठे टाकला? शेजारच्या खोऱ्यात. रॉबिन्सन आणि कोकोमो ही दोन जुनी गावं त्या गाळाखाली आहेत. व्हेल-ब्रेकनरिजच्या बाजूने येताना डाव्या-उजव्या हाताला जे सपाट करडं मैदान दिसतं आणि लोक 'वा, काय तळं' म्हणून फोटो काढतात, ते हे.

१९८०च्या सुमाराला तिथे तीन हजार लोक कामाला होते. मग पोलादाला मंदी आली, मागणी गेली, १९८२ मध्ये कपात. लेक काउंटीची वस्ती १९८०ला ८,८३०, १९९०ला ६,००७. घरं किल्ल्या ठेवून सोडून दिली लोकांनी. खाण २०१२ला पुन्हा सुरू झाली, पण आताच्या यंत्रांना माणसं लागतात काही शे.

आणि विष. १९८३च्या फेब्रुवारीत खाणींतलं पाणी बाहेर काढणाऱ्या याक बोगद्यातून नारिंगी रंगाचं आम्ल पाणी आर्कान्सा नदीत आलं. त्याच वर्षी कॅलिफोर्निया गल्च केंद्र सरकारच्या 'सुपरफंड' यादीत, म्हणजे साफ करायच्या विषारी जागांच्या यादीत, गेलं. सुमारे १८ चौरस मैल, म्हणजे अख्खं गावच त्यात. मुलांच्या रक्तातलं शिसं तपासायला लागले. ही तुमची नयनरम्य कथा.

सांजवेळ

आजोबा, नयनरम्य कुणी म्हटलंच नाही हो, त्यांनी सुरुवातीलाच ढिगांबद्दल लिहिलंय :)

डोंगरकपारी

आजोबा, माहितीबद्दल आभार, क्लायमॅक्सबद्दल इतकं नेमकं मला लिहिता आलं नसतं. पण सुपरफंडची गोष्ट तिथे थांबत नाही. गावकरी सरकारवरच उखडले होते. त्यांचं म्हणणं, आम्ही आणि आमच्या आज्या इथेच वाढलो, आता तुम्ही येऊन आमच्या अंगणाला विषारी ठरवणार, घराला गिऱ्हाईक कोण येणार? कित्येक वर्षं दोन्हीकडून तणातणी. मग हळूहळू तडजोडी झाल्या. पाणी शुद्ध करणारे दोन प्रकल्प आजही चालू आहेत आणि ते बंद करून चालणारच नाही, कारण डोंगराच्या पोटातलं पाणी थांबत नाही. २००८च्या फेब्रुवारीत दुसऱ्या एका बोगद्यामागे पाणी तुंबलं म्हणून काउंटीने आणीबाणी जाहीर केली होती.

पण नदी सुधारली. २०१४ पासून आर्कान्साचा १०२ मैलांचा पट्टा राज्याच्या ट्राउट माशांसाठीच्या उत्तम पाण्यांच्या यादीत आहे. आणि खाणीतल्या जुन्या रेल्वेवाटांवरून ११.६ मैलांची डांबरी पायवाट, मिनरल बेल्ट ट्रेल, गावाला वळसा घालते. सायकल भाड्याने घ्या आणि तिच्यावरून जा. वाटेत खाणींचे कुजलेले लाकडी मनोरे, गंजलेली मालडब्यांची चाकं, एका बाजूला पिवळी माती आणि दुसरीकडे कंबरभर रानफुलं. जुलैत जा, तेव्हाच फुलं असतात. बाकी ऋतू दोनच, बर्फ आणि बर्फाची वाट.

हिमरेषा

एक भर. लेडव्हिलच्या उत्तरेला टेनेसी खिंडीपलीकडे कॅम्प हेल आहे. १९४२ मध्ये सैन्याने हे खोरं सपाट करून बर्फात लढणाऱ्या टेन्थ माउंटन डिव्हिजनची छावणी उभारली. युद्धानंतर त्यातलेच काही जण परत येऊन स्कीचा धंदा उभा करते झाले. व्हेलची सुरुवात अशीच.

आपल्याशी जवळचा भाग पुढचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून १९६४पर्यंत सीआयएने याच छावणीत तिबेटी लढवय्यांना गुपचूप शिकवलं. बिनतारी संदेश, नकाशे, पॅराशूट. जागा निवडली ती उंचीसाठी, तिबेटी माणसाला खालची हवा सोसत नव्हती. यातले बरेच परत तिबेटात उतरवले गेले आणि फार थोडे वाचले. अनेक दशकं आसपासच्या लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. २०१०ला तिथे एक छोटी पाटी लागली, २०२२च्या ऑक्टोबरात जागा राष्ट्रीय स्मारक झाली. मी धरमशालेला म्हातारे तिबेटी पाहिले होते, त्यामुळे त्या ओसाड कुरणात पाटी वाचताना जरा वेळ थबकलो.

पळता_भुई

माझ्या नावाला जागून : लेडव्हिल १०० वर कुणीच बोलेना!

१९८२ला क्लायमॅक्समधून काम गेलेल्यांपैकी एक केन क्लॉबर. गाव ओस पडतंय, लोकांना इथे मुक्काम करायला लावायचं कसं, हा प्रश्न. (बर्फाच्या राजवाड्याचा घोटाळा आठवा, लोक राहिलेच नव्हते.) त्याने उत्तर काढलं ते शंभर मैल पळायच्या शर्यतीचं. इतकं लांब पळायचं तर आदल्या दिवशी यायलाच हवं आणि दुसऱ्या दिवशी चालता येणारच नाही! १९८३च्या ऑगस्टात पहिली शर्यत, ४५ जण पळाले, १० जणांनी पुरी केली. आज शेकडो पळतात, सायकलची शर्यत १९९४ पासून वेगळी.

पहाटे चारला हॅरिसन अव्हेन्यू आणि सहाव्या रस्त्याच्या चौकातून सुटतात. पन्नास मैल जायचं, तसंच परत यायचं. मधे होप पास, १२,५०० फुटांहून उंच, तो दोनदा. मुदत ३० तास. साधारण निम्मेच वेळेत पोचतात. पोचलेल्यांना कमरेच्या पट्ट्याचं भलंमोठं बक्कल मिळतं.

माझा ऑफिसमधला मित्र पळाला तेव्हा मी त्याच्या सेवेला होतो, ट्विन लेक्सच्या थांब्यावर. होप पास दुसऱ्यांदा उतरून तो आला तेव्हा अंधार पडला होता. ओढा ओलांडून आल्यामुळे बूट-मोजे चिंब. खुर्चीवर बसवून मोजे काढले, तर तळव्याची कातडी धुण्याच्या साबणात राहिल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली. त्याला विचारलं काय खाणार, तर नुसता बघत राहिला. गरम रश्शातले नूडल्स भरवले, कोरडे मोजे घातले, हाताला धरून उभं केलं. "बसलास तर संपलास" असं म्हणत आजूबाजूचे सगळे आपापल्या माणसाला खुर्चीतून उठवत होते. त्याला वेळेत जमलं, २९ तासांच्या वर लागले.

१९९३ला मेक्सिकोच्या दऱ्यांतले रारामुरी आदिवासी पळायला आले होते, टायरच्या रबराच्या चपला घालून. विक्टोरियानो चुरो, पन्नाशी ओलांडलेला माणूस, पहिला आला. पुढच्या वर्षी हुआन हेरेराने साडेसतरा तासांत जिंकली.

शंकासुर

म्हणजे गाव शर्यतींवर चालतं?

खडूस_आजोबा

नाही चालत. शर्यत उन्हाळ्यातली. २०१०ला ती एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. गावातली बरीच माणसं रोज खिंड ओलांडून व्हेल, कॉपर माउंटन, ब्रेकनरिज या स्कीच्या गावांत कामाला जातात. हॉटेलातल्या चादरी बदलायला, भांडी घासायला, स्कीच्या लिफ्ट चालवायला. तिकडे राहणं परवडत नाही म्हणून लेडव्हिलच्या मोबाइल होममध्ये, म्हणजे आयत्या आणून ठेवलेल्या स्वस्त घरांत, राहतात. आणि आता डेन्व्हरचे लोक लेडव्हिलमध्येही सुट्टीची घरं घेतायत, भाडी चढतायत. पूर्वी चांदीचा भाव बाहेर ठरायचा, आता घरभाडं बाहेर ठरतं.

डोंगरकपारी

आजोबा, इथे शंभर टक्के सहमत. जानेवारीत पहाटे साडेपाचला त्या खिंडीत गाड्यांच्या दिव्यांची रांग बघितलीय. वादळात रस्ता बंद झाला की त्या दिवसाचा रोज बुडाला. मीठभाकर, तुम्ही भाड्याने घेतलेलं घरही त्यातलंच असणार, आणि मीही तशाच घरांत राहिलोय, म्हणजे आपणही त्या भाववाढीत आहोत.

गावाच्या पश्चिमेला एव्हरग्रीन स्मशानभूमी आहे, तिथे मुद्दाम जा. पाइनच्या झाडांत जमिनीवर नुसते खळगे आहेत. दगड नाही, नाव नाही. १८८०च्या आसपास मेलेल्या हजाराहून जास्त गरिबांच्या कबरी, बहुतेक आयरिश, त्यात लहान मुलं पुष्कळ. अलीकडे तिथे स्मारक झालंय आणि सापडली तेवढी नावं कोरलीयत. त्या काळातही खालची कामं करायला दुरून आलेलेच होते. फरक इतकाच की आताचे स्पॅनिश बोलतात.

सांजवेळ

हे वाचून जायची इच्छा झाली. हिवाळ्यात जावं की उन्हाळ्यात?

डोंगरकपारी

चालायचं असेल तर जुलै-ऑगस्ट, दुपारी एकच्या आत शिखरावरून खाली, कारण विजा पडतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याअखेरीला बूम डेज नावाचा गावचा उत्सव असतो, त्यात गाढवांना घेऊन १३,१८५ फुटी मॉस्किटो खिंडीकडे पळण्याची शर्यत. गाढवावर बसायचं नाही, दोरी धरून बरोबर पळायचं, आणि त्याने मधेच बैठक मारली तर त्याची समजूत काढत बसायचं.

हिवाळ्यात मार्चच्या सुरुवातीला स्की-जोरिंग. १९४९ पासून चालू आहे. हॅरिसन अव्हेन्यूवर ट्रकने बर्फ आणून पसरतात, घोडा भरधाव सुटतो, मागे दोरीला धरून स्कीवाला, वाटेत उड्या आणि हवेत टांगलेल्या कड्या, त्या काठीत अडकवायच्या. लोक फूटपाथवर उभे, घोड्याच्या टापांचा बर्फ तोंडावर उडतो. तिकीट नाही.

मुलं बरोबर असतील तर खाणकामाचं राष्ट्रीय संग्रहालय चुकवू नका, दोन तास सहज जातात. १८८९चं सरकारी मत्स्यपैदास केंद्रही आहे, फुकट.

मीठभाकर

संग्रहालयात आतल्या खोट्या खाणीत मुलं हरवतात, लक्ष ठेवा. आमचा सापडला.

पळता_भुई

शर्यतीच्या आठवड्यात गावात खोली मिळत नाही आणि मिळालीच तर भाव ऐकून धाप लागते. दक्षिणेला ब्यूना व्हिस्टाला राहा, ८,००० फुटांच्या आत आहे, शंकासुराच्या बाबांनाही तेच बरं. तिथून तासाभराच्या आत लेडव्हिल.

शंकासुर

बाबांना विचारलं. म्हणाले, तू खाली थांब, मी जाऊन येतो. डॉक्टरांची वेळ घेतलीय.